औंधचे चित्रकार राजे

सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात औंध म्हणून गाव आहे. यमाईचे औंध म्हटले की लगेच ध्यानात येईल. पौष महिन्यात तिथे देवीची मोठी जत्रा भरते. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या जत्रेला गेले असतील. डोंगर चढून देवीपुढे नारळ फोडला असेल, खाली येऊन दुकाने बघत हिंडला असाल. त्याच डोंगराच्या अंगावर एक मोठी इमारत आहे. तिच्यात शिरणारे लोक मात्र थोडे. आम्हीसुद्धा पहिल्या चार-पाच जत्रांना तिच्यावरून सरळ पुढे निघून गेलो होतो. वाटायचे, असेल एखादी सरकारी कचेरी.

ती कचेरी नव्हे. ते चित्रांचे आणि कारागिरीच्या वस्तूंचे घर आहे. त्याला श्री भवानी संग्रहालय म्हणतात. संग्रहालय म्हणजे चांगल्या वस्तू एके ठिकाणी जपून ठेवून सगळ्यांना दाखवण्याची जागा. १९३८ साली औंधच्या राजांनी ते उघडले. त्या राजांचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. त्यांची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत.

आता राजा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे हत्ती, घोडे आणि तलवारी येतील. औंधचे राज्य तसे नव्हते. इंग्रजांच्या अमलात आपल्या देशात लहानमोठी शेकडो संस्थाने होती. त्यांतले औंध अगदी लहान. सगळी मिळून ७२ गावे. तीही एका जागी नव्हती. काही औंधच्या भोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे आणि काही पार विजापुराकडे गुणदाळला. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. तो १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने निघाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहेत. म्हणजे सातारकर आणि सांगलीकर, दोघांच्याही मुलखावर बाळासाहेबांचे राज्य होते.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. १९०९ साली गादीवर बसले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यांना नाद किती म्हणून सांगावेत! ते कीर्तन करीत. रोज सूर्यनमस्कार घालीत. नुसते घालीत नसत, साऱ्या प्रजेने घालावेत म्हणून मागे लागत. १९२८ साली त्यांनी सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आज जगभर लोक सूर्यनमस्कार घालतात, त्याला या पुस्तकाचाही हात लागला आहे. पण या सगळ्या नादांत खोल नाद एकच, चित्रकलेचा. दरबारात चित्रकार पाळणारे राजे पुष्कळ झाले. स्वतः कुंचला हातात धरून तासन् तास बसणारे राजे थोडे. बाळासाहेब त्या थोड्यांपैकी होते.

१९१६ साली त्यांचे 'चित्ररामायण' निघाले. रामजन्मापासूनचे प्रसंग त्यांनी स्वतः रंगवले आणि ती चित्रे मुंबईला छापून घेतली. शिवाजी महाराजांच्या चरित्रातले प्रसंगही त्यांनी चितारले. खरे सांगायचे तर त्यांची चित्रे राजा रविवर्म्याच्या तोडीची नाहीत, असे जाणकार म्हणतात. आम्हालाही त्यांतले काही चेहरे एकमेकांसारखे वाटतात. पण बाळासाहेबांचे मोठेपण नुसत्या चित्रांत शोधू नये. चित्र काढता काढता त्यांना एक प्रश्न पडला आणि त्या प्रश्नाच्या मागे ते पुढची कितीतरी वर्षे फिरले. ती गोष्ट जरा नीट सांगतो.

तुमच्या घरात देवादिकांच्या तसबिरी असतील. कमळातली लक्ष्मी, मोरावरची सरस्वती. अशा तसबिरी पूर्वी घरोघर नव्हत्या. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि मग छापील रंगीत देव झोपडीपर्यंत पोचले. मोठेच काम झाले ते. पण त्या चित्रांतली सीता, दमयंती किंवा द्रौपदी बघा. त्या आपल्याच काळातल्या बायकांसारखे लुगडे नेसलेल्या असतात. राजे लोकांचे मुकुट नाटकातल्यासारखे असतात. मग प्रश्न असा की, हजारो वर्षांपूर्वी खरोखर लोक काय नेसत होते? कोणते दागिने घालत होते? त्यांचे रथ कसे होते, धनुष्ये कशी होती, बसायची आसने कशी होती?

हे कुणाला विचारणार? तेव्हाचा माणूस आज हयात नाही. कापड कुजून जाते. सोने तर आटवून नवे होते. मग उरते काय? उरतो दगड. आणि उरतात लेण्यांतल्या भिंती.

दोन हजार वर्षांमागे सांचीला ज्या पाथरवटाने दगडात बाई कोरली, त्याने आपल्या डोळ्यांपुढे जे दागिने होते तेच कोरले. अजिंठ्याच्या भिंतीवर ज्याने राजा रंगवला, त्याने आपल्या काळातलाच मुकुट रंगवला. म्हणजे त्या जुन्या कारागिराने आपल्यासाठी साक्षच लिहून ठेवली आहे म्हणा ना. ती वाचता आली पाहिजे. बाळासाहेबांनी ती वाचायचे ठरवले. जुन्या लेण्यांचा आणि शिल्पांचा त्यांनी अभ्यास केला. वेरूळवर १९२९ साली आणि अजिंठ्यावर १९३२ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तके काढली.

या अभ्यासाचा उपयोग कुठे झाला, तर महाभारतात. महाभारताच्या हातांनी लिहिलेल्या जुन्या पोथ्या देशभर पसरलेल्या आहेत. एका पोथीत एक श्लोक असतो, दुसरीत तो नसतो. त्या सगळ्या ताडून पाहून मूळ पाठ ठरवायचा, असे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने अंगावर घेतले. १९१८ साली बाळासाहेबांनी त्यासाठी एक लाख रुपये देण्याचे कबूल केले. तेव्हाचे लाख रुपये, बरं का! आणि संस्थान केवढे? ७२ गावांचे. पैसे देऊन ते गप्प बसले नाहीत. त्या ग्रंथासाठी त्यांनी स्वतः चित्रे काढली. ही चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढली आहेत, असे ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापलेले आहे. महाभारताचे ते काम १९६६ साली पुरे झाले. पुरे झालेले पाहायला बाळासाहेब राहिले नव्हते.

चित्रकलेमुळे त्यांना माणसेही मिळाली. पंडित सातवळेकर हे मूळचे सावंतवाडीकडचे. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले नामांकित चित्रकार. लाहोरला त्यांचा चित्रांचा धंदा चांगला चालला होता. पण वेदांचा अभ्यास आणि देशभक्तीची भाषणे यांमुळे इंग्रज सरकारची नजर त्यांच्यावर होती. ते १९१८ च्या सुमारास औंधला आले आणि तिथेच राहिले. एक चित्रकार राजा, दुसरा चित्रकार पंडित. जमले दोघांचे. सातवळेकरांनी औंधला स्वाध्याय मंडळ काढून वेदांची पुस्तके छापली. ते शंभर वर्षांहून अधिक जगले.

दुसरे लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांची गंमत ऐका. तेही चित्रकला शिकायला मुंबईला गेले होते. पण त्यांना रंग ओळखू येईनात. डोळ्यांतच तसा दोष होता. मग त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढायला घेतली, आणि त्यातून यंत्रेच करायला लागले. बेळगावला त्यांचा कारखाना होता. तिथल्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. त्या वेळी ते एका बांधकामाच्या कामाने औंधला येऊन-जाऊन असत. बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. माळ म्हणजे निव्वळ माळ; निवडुंग आणि साप. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर तिथूनच गावोगाव गेले. लोखंडाने जमीन विषारी होते असे तेव्हा शेतकऱ्यांना वाटे. पहिले नांगर खपायला फार वेळ लागला.

इथे आमच्या मनात नेहमी एक शंका येते, ती तुमच्यापुढे ठेवतो. लोखंडी नांगर आला, तेव्हा गावच्या सुताराचा लाकडी नांगर मागे पडला. कारखान्याचा माल आला की हातकारागिराच्या पोटावर येते. मग जो राजा जुन्या कारागिरीवर जीव टाकीत होता, त्यानेच कारखान्याला जमीन कशी दिली? आम्हाला वाटते, बाळासाहेबांना दोन्ही खरी वाटत होती. शेतकऱ्याची पाठ मोडते, तिथे चांगले अवजार पाहिजेच. पण सुताराच्या हातात नांगरापलीकडेही विद्या असते. चौकटीवर वेल काढायची, खांबावर कमळ उठवायचे. ती विद्या नांगराबरोबर बुडता कामा नये. ती कुठेतरी पाहायला तरी मिळाली पाहिजे. संग्रहालय कशाला, याचे उत्तर आम्ही असे लावतो. कुणी वेगळे लावील.

कारागिरी बुडते कशी, तेही पाहू. ती कुणी मारून टाकत नाही. काम मागणारा जातो आणि कारागीर रिकामा बसतो. १८१८ साली पेशवाई गेली, आणि तलवारी, ढाली, भाले करणाऱ्यांचे काम थंडावले. मिरजेत शिकलगार होते. शिकलगार म्हणजे हत्यारे घडवून त्यांना धार लावणारे. त्यांतले काही जण तंबोरे आणि सतार करू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा मोठा भोपळा आणायचा, तो वाळवायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची आणि वर नक्षीची पानेफुले बसवायची. आज मिरजेचा तंबोरा देशात पहिल्या नंबरचा मानतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारी नोंद मिळाली. मिरजेबाहेर केलेल्या वाद्याला आता मिरजेचे नाव लावता येत नाही. हत्यार घडवणारा हात वाद्याकडे वळला, म्हणून टिकला. पण असे नशीब सगळ्यांचे नसते. तांबट, कासार, पाथरवट, घोंगडी विणणारे सनगर, यांतल्या कितीतरी घरांत आता हत्यारे गंजत पडली आहेत. पोरे पुण्या-मुंबईला गेली आहेत. त्यांना बोल लावून उपयोग नाही. पोट आहे ना?

औंधच्या संग्रहालयात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची मोठमोठी तैलचित्रे आहेत. कांगडा, राजस्थान आणि मोगलांकडची लहान चित्रे आहेत. ती एवढी बारीक की, एकेक केस वेगळा दिसतो. चंदनावरचे कोरीव काम आहे, लाकडावरचे आहे. हस्तिदंतावरचेही आहे. आता हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच झाले. हत्ती उरले पाहिजेत. इंग्लंडचा जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर, त्याचे आई आणि मूल असे एक दगडी शिल्पही तिथे आहे. मोठमोठ्या शहरांत मूरच्या शिल्पांपुढे लोक रांगा लावतात. आपल्याकडे ते खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे. आणि ते ठेवायला राजांनी जागा कुठली निवडली? मुंबई नाही, पुणे नाही. जत्रेच्या वाटेवरची.

आता आमच्यावर गुदरलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांमागे आम्ही शाळेची सहल औंधला नेली होती. सातवीची मुले. लाल एस. टी. केली होती. मुले चित्रांपुढून भराभर चालली होती, जशी मुले चालतात तशी. आम्ही पाट्या वाचून दाखवत होतो. एक मुलगा मागे राहिला. सुताराचा पोर तो. अभ्यासात बेताचा, गणितात तर नेहमी खाली. तो एका कोरीव लाकडापुढे उभा होता. आम्ही रागावलो, "चल पुढं. सगळी खोळंबलीत." तर तो म्हणाला, "गुरुजी, ह्ये एका पटाशीचं काम न्हाई. हितं गोल पटाशी लागलीया. आन् हितं बघा, हात घसरलाय, तर त्यानं तिथंच पान काढलंय."

आम्ही वाकून पाहिले. खरेच, वेलीवर एक पान जास्तीचे होते. दुसऱ्या बाजूला त्या ठिकाणी पान नव्हते. आम्ही त्या वस्तूपुढून तोवर तीनदा तरी गेलो असू. पाटी पाठ होती. पान दिसले नव्हते. "तुला कसं कळलं रे?" आम्ही विचारले. "आज्याबी आसंच करतो," तो म्हणाला.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्याला कारण होते. सहलीच्या आदल्याच वर्षी आम्ही आमचे जुने घर पाडून सिमेंटचे बांधले होते. जुन्या घराला सागवानी चौकट होती. वरच्या पट्टीवर मध्ये गणपती, दोन बाजूंना दोन मोर आणि खाली उतरत आलेली वेल. आमच्या पणजोबांनी ती करवून घेतलेली. एक जुने लाकूड घेणारा व्यापारी आला. त्याने चौकट हातानेच मोजली आणि जळणापेक्षा थोडा बरा भाव सांगितला. आम्ही दिली. आई दाराशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "हळदीकुंकू तरी लावू दे." तिने गणपतीला कुंकू लावले आणि मग टेम्पो गेला.

गणित शिकवणारे आम्ही हेडमास्तर, आणि सौदा केला तो असा!

नंतर आम्ही त्या व्यापाऱ्याचा शोध केला. सांगलीला दोनदा जाऊन आलो. तो म्हणाला, माल मुंबईला गेला. आता ती चौकट कुणाच्या तरी हॉटेलात किंवा बंगल्यात उभी असेल. असली तर बरेच म्हणायचे. तिच्या वेलीत कुठे एखादे पान जास्तीचे होते का, हे आम्हाला सांगता येणार नाही. चाळीस वर्षे तिच्याखालून ये-जा केली, पण वर मान करून नीट कधी पाहिलेच नाही.

बाळासाहेबांकडे परत येऊ. १९३९ साली त्यांनी आपल्या हातचा राज्यकारभार प्रजेकडे सोपवला. गांधीजींचा सल्ला त्याला होता. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलंडचे गृहस्थ त्यात पुढे होते. गावपंचायतींच्या हाती सत्ता देणारे ते राज्य होते. त्यावर वेगळा धडाच लिहावा लागेल, म्हणून इथे थांबतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची उघडी वसाहत निघाली, तीही त्याच काळातली. तिच्यावरूनच पुढे व्ही. शांताराम यांचा 'दो आँखे बारह हाथ' हा चित्रपट निघाला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर हे आटपाडीजवळच्या माडगूळ्याचे, आणि शाळा शिकले औंधला. राजा रामायण रंगवीत होता त्या गावात ज्याची शाळा झाली, त्याच मुलाने पुढे १९५५ साली गीतरामायण लिहायला घेतले. एकामुळे दुसरे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण गाव तेच, हे खरे.

१९४८ साली औंध संस्थान देशात विलीन झाले. राज्य गेले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब वारले. त्यांनी जमवलेल्या वस्तू मात्र विकल्या गेल्या नाहीत, वाटून घेतल्या गेल्या नाहीत. दुसऱ्या संस्थानांत काय काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. औंधचे संग्रहालय सरकारकडे आले आणि आजही उघडे आहे.

साताऱ्याहून रहिमतपूरवरून औंधला एस. टी. जाते. जत्रेत गर्दी असते, म्हणून जत्रा टाळून साध्या दिवशी जा. जाताना गावातला एखादा सुतार, सोनार नाहीतर पाथरवट बरोबर घ्या. म्हातारा असला तर फारच चांगले. त्याच्या तिकिटाचे पैसे तुम्ही भरा. आत गेल्यावर पाट्या वाचण्याची घाई करू नका. तो जिथे थांबेल तिथे तुम्ही थांबा, आणि इथे हत्यार कोणते लागले असेल, असे त्याला विचारा.

तो सुताराचा मुलगा आता कऱ्हाडला फर्निचरच्या कारखान्यात आहे. प्लायवूडची कपाटे करतो. मागच्या दिवाळीत भेटला होता. आज्याच्या पटाश्या अजून घरात आहेत म्हणाला. तेल लावून ठेवतो.